शोधलेखाचा संदर्भ: छापील अंक, ऑनलाइन प्रत आणि मधला गोंधळ

प्रबंध किंवा शोधलेख तपासायला हाती आला की मी आधी संदर्भसूची उघडते. लेखकाने काय वाचले, किती काळजीपूर्वक वाचले आणि काय न वाचताच यादीत घातले, याचा बराचसा अंदाज तेथेच येतो. अनेकांना संदर्भसूची ही परीक्षकाच्या समाधानासाठी शेवटच्या रात्री उरकण्याची कारकुनी वाटते आणि मग सगळे लक्ष स्वल्पविराम व पूर्णविरामांवर खर्च होते. वास्तविक संदर्भाचे काम एकच आहे: अनोळखी वाचकाला, आपण वाचलेल्या लेखाच्या नेमक्या त्याच आवृत्तीपर्यंत, आपल्या मदतीवाचून पोहोचता आले पाहिजे. हे काम ध्यानात ठेवले तर नियमावलीत न सापडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपली आपण काढता येतात.

मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'हा लेख छापील म्हणून नोंदवू की ऑनलाइन म्हणून?' बहुतेक वेळा या प्रश्नाने काहीच ठरत नाही. आज एकच लेख छापील अंकात असतो, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पीडीएफ म्हणून असतो, एखाद्या डेटाबेसमध्ये स्कॅन केलेला असतो आणि कित्येकदा लेखकाच्या स्वतःच्या पानावरही असतो. पीडीएफ ही छापील पानाची हुबेहूब प्रतिमा असेल, तर खंड, अंक आणि पृष्ठे तीच राहतात आणि संदर्भाचा गाभाही तोच राहतो. म्हणून आधी दोन गोष्टी पाहाव्यात. लेखाला डीओआय (म्हणजे कायमचा ओळखक्रमांक) आहे का, आणि लेखाचा खंड, अंक व पृष्ठांक कायमचे ठरले आहेत का? या दोन उत्तरांवर नोंदीचे रूप अवलंबून असते. आपण लेख पडद्यावर वाचला की कागदावर, यावर फारच थोडे अवलंबून असते.

खंड, अंक आणि पृष्ठ ही चौकट छापील नियतकालिकांच्या जगात घडली. पॅरिस आणि लंडन येथून १६६५ मध्ये पहिली दोन विद्वत्-नियतकालिके निघाली, तेव्हापासून सुटे अंक एकत्र बांधून खंड करण्याची रीत ग्रंथालयांत रुळत गेली. त्यामुळे कित्येक नियतकालिकांचे पृष्ठांक वर्षभर सलग चालतात: पहिला अंक १२० व्या पानावर संपला तर दुसरा १२१ पासून सुरू होतो. अशा नियतकालिकात खंड आणि पृष्ठ मिळाले की लेख सापडतोच, अंकाची गरज उरत नाही. प्रत्येक अंक नव्याने पान १ पासून सुरू होत असेल, तर मात्र अंक क्रमांकावाचून एका खंडात पान ४५ अनेकदा येते. संदर्भ लिहिण्याच्या एपीए या शैलीच्या जुन्या आवृत्त्या या भेदावर नियम बेतत असत. २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने अंक क्रमांक असेल तर तो नेहमीच द्यावा असे सांगून ही डोकेदुखी संपवली. कोणतीही शैली वापरत असलात तरी अंक क्रमांक टिपून ठेवावा. नको असेल तर नंतर गाळता येतो, पण टिपलाच नसेल तर पुन्हा शोधाशोध करावी लागते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख 'नेचर' या साप्ताहिकात २५ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाला. खंड १७१, अंक ४३५६, पृष्ठे ७३७ ते ७३८. 'मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स' असे त्याचे शीर्षक सुरू होते आणि अपूर्णविरामानंतर उपशीर्षक येते. ते उपशीर्षक गाळण्याचा मोह पुष्कळांना होतो; गाळू नये. एपीएमध्ये आधी दोन्ही लेखकांची नावे आडनाव प्रथम या क्रमाने येतात, मग कंसात वर्ष, मग अवतरणचिन्हांवाचून लेखाचे शीर्षक, मग तिरप्या अक्षरांत नियतकालिकाचे नाव आणि खंड, खंडाला चिकटून कंसात सरळ अक्षरांत अंक, आणि शेवटी पृष्ठे. एमएलए या दुसऱ्या शैलीत फक्त पहिल्या लेखकाचे आडनाव आधी येते. दुसऱ्याचे नाव नेहमीच्या क्रमाने लिहिले जाते, शीर्षक अवतरणचिन्हांत जाते, आणि खंड व अंक यांच्याआधी 'व्हॉल्यूम' आणि 'नंबर' यांची संक्षिप्त रूपे लागतात. वैद्यकीय नियतकालिकांत चालणाऱ्या व्हँकुव्हर शैलीत नावांच्या आद्याक्षरांमागचे बिंदूही जातात आणि वर्ष, खंड, अंक, पृष्ठे ही सारी माहिती अर्धविराम आणि अपूर्णविराम घालून एका दाट ओळीत बसते.

याच लेखाची पृष्ठे पाहिली तर शैलींचे स्वभाव कळतात. एपीएमध्ये ७३७–७३८ असे पूर्ण आकडे लिहायचे. एमएलए आणि शिकागो या शैलींत दुसऱ्या आकड्याचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे, म्हणजे ७३७–३८. व्हँकुव्हरमध्ये आणखी काटछाट होऊन ७३७–८ उरते. तिन्ही नोंदी बरोबर आहेत, पण एकाच सूचीत तिन्ही आल्या तर वाचक समजून जातो की हे संदर्भ तीन ठिकाणांहून उचलून एकत्र चिकटवले आहेत. माझ्या मते सूचीतील सर्वांत बोलकी खूण हीच असते. चुकीची शैली सातत्याने वापरणाऱ्याला मी एक सूचना करून मोकळी होते. बरोबर शैली अधूनमधून वापरणाऱ्याची मात्र प्रत्येक नोंद मूळ लेखाशी पडताळून पाहावीशी वाटते.

डीओआयकडे वळू. एखाद्या लेखाला कायमचा चिकटणारा हा ओळखक्रमांक आहे. ही व्यवस्था २००० मध्ये कार्यान्वित झाली आणि त्याच वर्षी विद्वत्-प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही नोंदणी संस्था उभी केली. क्रमांकाचे दोन भाग असतात. तिरप्या रेघेआधीचा भाग नेहमी १० आणि बिंदूने सुरू होतो व क्रमांक कोणत्या नोंदणीदाराला दिला ते दाखवतो. रेघेनंतरचा भाग नोंदणीदार स्वतः ठरवतो. वॉटसन-क्रिक लेखाचा क्रमांक १०.१०३८/१७१७३७ए० असा आहे. (येथे तो देवनागरीत लिहिला आहे; सूचीत अर्थातच तो रोमन लिपीतच हवा.) रेघेनंतर खंड १७१ आणि पृष्ठ ७३७ लपलेले दिसतात. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या 'माइंड' नियतकालिकातील १९५० च्या प्रसिद्ध लेखाच्या डीओआयमध्येही खंड, अंक आणि पहिले पृष्ठ असे तिन्ही आहे, त्यातही खंड रोमन आकड्यांत. गंमत म्हणून हे ठीक आहे, पण क्रमांकावरून खंड किंवा पृष्ठ ओळखण्याच्या फंदात पडू नये, कारण तसा अर्थ भरण्याचे बंधन कोणावरही नाही आणि पुष्कळ क्रमांक निरर्थक अक्षरांचेच असतात. ट्युरिंग यांच्या लेखातून आणखी एक बारीकसा नियम सांगता येतो: अंकावर खंड रोमन आकड्यांत छापला असला तरी एपीए आणि एमएलए यांत तो साध्या आकड्यात, म्हणजे ५९ असा लिहायचा असतो.

डीओआय लिहिण्याची पद्धत बदलत गेली आहे आणि जुन्या सूचींतून नकल करणाऱ्यांची येथेच फसगत होते. आधी नुसता क्रमांक 'डीओआय' हे अक्षर लावून देत, मग 'डीएक्स' ने सुरू होणारा दुवा आला, आणि २०१७ पासून क्रॉसरेफच्या सूचनेनुसार 'डीओआय डॉट ओआरजी' हा पत्ता, त्याआधी 'एचटीटीपीएस', आणि पुढे क्रमांक असा पूर्ण दुवा लिहिला जातो. जुने दुवे अजूनही उघडतात, पण एका सूचीत एकच रूप ठेवावे. विरामचिन्हाचा एक तपशीलही येथे उपयोगी आहे. एपीएमध्ये दुव्यानंतर पूर्णविराम देत नाहीत, कारण तो दुव्याचाच भाग समजला जाण्याची भीती असते. एमएलए आणि शिकागो यांत नोंद पूर्णविरामानेच संपते. आयट्रिपलई शैलीत अजूनही 'डीओआय' हे अक्षर देऊन नुसता क्रमांकच लिहितात, त्यामुळे अभियांत्रिकीच्या लेखात ते रूप दिसले तर त्याला चूक म्हणू नये.

लेख छापील अंकात वाचला, तरी त्याला डीओआय असल्यास एपीए तो द्यायला सांगते. 'मी तर कागदावर वाचला' ही सबब त्या शैलीत चालत नाही, आणि मला ते योग्य वाटते, कारण नोंद पुढच्या वाचकासाठी असते. डीओआय नसेल तर तीन शक्यता उरतात. केवळ छापील असलेला लेख पृष्ठांकांवर संपतो. पुढे काही जोडायची गरज नाही. डेटाबेसमधून मिळालेला लेख एपीएमध्ये छापील लेखासारखाच नोंदवतात आणि डेटाबेसचे नाव गाळतात, कारण तोच लेख इतर ठिकाणीही मिळू शकतो. एमएलए मात्र डेटाबेसचे नाव आणि तेथील कायमचा दुवा देते. नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला असलेला लेख असेल तर त्याचा थेट दुवा द्यावा.

या ठिकाणी एक चूक इतकी सर्रास दिसते की ती वेगळी सांगणे भाग आहे. ग्रंथालयाच्या खात्यातून लेख उघडला की ब्राउझरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसतो, तो त्या बैठकीपुरता किंवा त्या संस्थेच्या प्रॉक्सीपुरता असतो. तो सूचीत चिकटवला तर बाहेरच्या वाचकाला लॉगिनची खिडकी नाहीतर त्रुटीचा संदेश दिसतो. लेखाच्या पानावर 'कायम दुवा' किंवा 'स्थिर दुवा' असे काही दिलेले असते. तेच घ्यावे, आणि तसे नसेल तर दुवा न देता खंड-अंक-पृष्ठांवर थांबावे. शोधयंत्राच्या निकालपानाचा दुवा तर कोणत्याही कारणासाठी देऊ नये.

केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांमुळे पृष्ठांकांची जुनी सोय मोडली आहे. तेथे अंकाला पानेच नसतात, म्हणून प्रत्येक लेखाला लेखक्रमांक दिला जातो, कित्येकदा त्याआधी 'ई' हे अक्षर जोडून. पीडीएफवर १ ते १४ असे आकडे दिसले म्हणून ते पृष्ठांक समजून लिहिणे चूक आहे, कारण त्या अंकातील प्रत्येक लेख पान १ पासूनच सुरू होतो. एपीएमध्ये पृष्ठांच्या जागी 'आर्टिकल' हा शब्द आणि तो क्रमांक येतो. मजकुरात थेट अवतरण देताना मात्र पीडीएफमधील पान सांगायला हरकत नाही, आणि लेख वेबपानाच्या रूपात वाचला असेल तर परिच्छेद क्रमांक किंवा उपशीर्षक सांगावे.

वर्षाचा घोळ याहून मोठा आहे. अनेक नियतकालिके लेख स्वीकारल्यावर तो लगेच संकेतस्थळावर टाकतात आणि अंकात काही महिन्यांनी घेतात. लेख नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन आला आणि फेब्रुवारीच्या अंकात छापला गेला तर त्याला दोन वेगवेगळी प्रकाशनवर्षे चिकटतात. खंड आणि अंक ठरला असेल तर अंकाचे वर्ष घ्यावे. ठरला नसेल तर ऑनलाइन प्रसिद्धीचे वर्ष देऊन खंडाच्या जागी आगाऊ ऑनलाइन प्रसिद्धीचा उल्लेख करावा, आणि आपले लेखन छापायला जाण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावे, कारण दरम्यान अंक निघालेला असू शकतो. एका नोंदीत एका आवृत्तीचे वर्ष आणि दुसऱ्या आवृत्तीचा खंड अशी सरमिसळ झाली की पुढे दोन वेगळे लेख असल्याचा भास निर्माण होतो. जुन्या अंकांच्या स्कॅन प्रतींबाबत तर संकेतस्थळावर कित्येकदा प्रत चढवल्याची तारीख ठळकपणे दिसते. ती लेखाची तारीख नव्हे.

प्रीप्रिंटचे, म्हणजे परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या प्रतीचे, तत्त्व सोपे आहे: जे वाचले ते नोंदवावे. भौतिकशास्त्रज्ञांसाठी १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'आर्काइव्ह' या भांडारात एका लेखाच्या अनेक आवृत्त्या क्रमांकासह जपलेल्या असतात आणि पहिल्या व तिसऱ्या आवृत्तीत निष्कर्षही वेगळे असू शकतात. परीक्षण होऊन छापलेली आवृत्ती उपलब्ध असेल तर तीच वाचून तिचाच संदर्भ द्यावा हे उत्तम. पण प्रीप्रिंट वाचून नियतकालिकाचा खंड-अंक देणे हे, सौम्य शब्दांत सांगायचे तर, वाचकाची दिशाभूल करणे आहे.

दुवा कधी पाहिला ती तारीख द्यावी का? डीओआय असलेल्या लेखाला तिची गरज नाही. एपीए ती केवळ बदलत राहणाऱ्या मजकुरासाठी मागते, एमएलए ऐच्छिक मानते, व्हँकुव्हरमध्ये ऑनलाइन स्रोतासाठी ती देण्याची प्रथा आहे. साध्या दुव्यांबाबत मी स्वतः सावधगिरीच्या बाजूला झुकते. हार्वर्डमधील तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि त्यांनी तपासलेल्या इतर नियतकालिकांमधील ७० टक्क्यांहून अधिक दुवे, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतील ५० टक्के दुवे, मुळात ज्या मजकुराकडे नेत होते त्याकडे आता नेत नव्हते. डीओआय नसलेले पान असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात त्याची प्रत जतन करून तिचा दुवा सोबत द्यावा.

झोटेरो किंवा मेंडेलीसारखी संदर्भ साठवणारी साधने वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. मोठ्या प्रबंधात त्यांच्यावाचून निभाव लागत नाही. पण ती प्रकाशकाने पुरवलेली माहिती जशीच्या तशी उचलतात. पूर्ण शीर्षक कॅपिटल अक्षरांत, नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, अंक क्रमांक गायब, 'नेचर' च्या जागी 'नेचर (लंडन)' असे प्रकार त्यातूनच येतात. नोंद साठवतानाच लेखाचे पहिले पान समोर ठेवून ती पडताळली तर काम मिनिटभराचे असते. प्रबंध पूर्ण झाल्यावर तेच काम आठवडा खाते.

नकलेचे दुष्परिणाम कुठवर जातात याची एक नोंद प्रसिद्ध आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनापत्रकात संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' असा २००० सालचा नमुना लेख दिला होता. तो लेखही अस्तित्वात नाही आणि त्याचे नियतकालिकही नाही. तरीही सुमारे ४०० लेखांच्या संदर्भसूचीत तो शिरल्याचे २०१७ मध्ये उघडकीला आले. नमुन्याच्या साच्यातील ओळ पुसायचे राहून गेले, हे त्यामागचे मुख्य कारण दिसते. त्याआधी २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी एकच छपाईची चूक किती सूचींत जशीच्या तशी उतरते हे मोजून अंदाज बांधला होता की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ लेख वाचतात. आकड्यावर वाद घालता येईल, पण चुकीचा पृष्ठांक पन्नास ठिकाणी तसाच आढळतो तेव्हा तो पन्नास जणांनी स्वतंत्रपणे चुकवलेला नसतो, हे मान्य करावेच लागते. आता मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय भाषाप्रारूपांकडून संदर्भ मागण्याची सवय वाढली आहे आणि खऱ्या लेखकांची नावे, खरे नियतकालिक पण न लिहिलेला लेख असे संदर्भ बेमालूम तयार होतात. त्यांचा डीओआय तपासला की तो उघडतच नाही किंवा भलत्याच लेखाकडे नेतो.

मूळ लेख हाती आला नाही तर तसे सांगण्याची सोय बहुतेक शैलींत आहे: मजकुरात मूळ लेखकाचे नाव देऊन तो अमुकच्या लेखात उद्धृत झाला आहे असे लिहायचे. एपीएमध्ये सूचीत मग आपण वाचलेल्या लेखाचीच नोंद करायची.

रोमनेतर लिपीतील लेख रोमन लिपीच्या सूचीत घेताना शीर्षकाचे लिप्यंतर करून चौकटी कंसात भाषांतर द्यावे. केवळ भाषांतरित शीर्षक दिले तर मूळ लेख कोणत्याही ग्रंथसूचीत सापडत नाही. लेखाने स्वतःच समांतर शीर्षक छापले असेल तर आपले भाषांतर बाजूला ठेवून तेच वापरावे.

शेवटी मागे घेतलेल्या लेखांविषयी. 'लॅन्सेट' मधील १९९८ चा, गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला, तरी तो संशोधनाच्या इतिहासावर लिहिताना उद्धृत करावाच लागतो. अशा वेळी मूळ नोंदीनंतर कंसात माघारीचे वर्ष, नियतकालिक, खंड आणि पृष्ठ द्यायचे असते. छापील अंक कपाटात आहे तसाच राहतो, त्यावर शिक्का उमटत नाही. म्हणून कागदावर वाचलेल्या लेखाचेही ऑनलाइन पान एकदा उघडून पाहणे अटळ आहे. 'रिट्रॅक्शन वॉच' चा माघारींचा संग्रह २०२३ मध्ये क्रॉसरेफकडे आला आणि सर्वांसाठी खुला झाला. सूची पूर्ण झाल्यावर लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये प्रत्येक दुवा उघडावा, पानावरील शीर्षक, वर्ष आणि खंड आपल्या नोंदीशी जुळवावेत, माघारीची सूचना आहे का ते पाहावे, आणि जी नोंद जुळत नाही तिच्यासाठी पुन्हा लेखाचे पहिले पान काढावे.